चुलीचे तीन दगड, शेताचे चार कोपरे



आपल्या घरात मिरचीवाचून एक दिवस तरी निघतो का? परसात पपई आणि पेरू, उकिरड्याच्या कडेला लाल भोपळ्याचा वेल, रानात मक्याचा तुकडा, डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या आणि वऱ्हाड-मराठवाड्यात कपाशी. ही मंडळी आपल्याकडे इतकी रुळली आहेत की ती परमुलखातून आली असे सांगितले तर म्हातारी माणसे हसतील. पण ती आली खरी. मका, मिरची, भोपळा, पपई, पेरू, चिकू यांचे मूळ अमेरिका खंडात आहे, आणि त्यांतील बहुतेकांचे मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या पट्ट्यात. आज आपण लावतो ती बहुतेक कपाशीसुद्धा त्याच भागातल्या कुळीची आहे.

हे पीक ज्यांनी हजारो वर्षे हाताळले त्या शेतकऱ्यांपैकी एक मोठा समाज म्हणजे माया लोक. हे त्या लोकांचे नाव आहे. आपल्या माया-ममतेशी त्याचा काही संबंध नाही. मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वातेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोरचा पश्चिम भाग हा त्यांचा मुलूख. इ. स. २५० ते ९०० हा त्यांचा भरभराटीचा काळ. त्यांची उंच देवळे, त्यांचे पंचांग, त्यांची लिपी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आपण देवळाच्या पायऱ्या चढणार नाही. आपण त्यांच्या अंगणात जाऊ, चुलीपाशी बसू, आणि त्या घरात कोण काय करीत होते ते पाहू. त्यात आपल्या घराच्याही उपयोगाची एक गोष्ट आहे.

नांगर नाही, बैल नाही

माया शेतकऱ्याकडे बैल नव्हता, घोडा नव्हता, गाय-म्हैसही नव्हती. लोखंड नव्हते. झाड तोडायचे तर दगडाच्या कुऱ्हाडीने. बैलगाडी नसल्यामुळे ओझे माणसाच्याच पाठीवर. कपाळाला पट्टा लावून तो भार पेलायचा.

उन्हाळ्यापूर्वी रानाचा एक तुकडा तोडायचा, वाळला की पेटवायचा, आणि मे महिन्याच्या सुमारास पहिला पाऊस पडला की त्या राखेत टोकण करायची. टोकदार काठीने भोक पाडायचे, त्यात मक्याचे दाणे टाकायचे आणि पायाने माती लोटायची. त्याच रानात घेवड्याच्या जातीची कडधान्ये आणि भोपळा. मक्याच्या ताटावर वेल चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात, तण कमी येते आणि ओल टिकते. आपल्या मिश्रपिकाचेच हे भावंड. दोन-तीन वर्षे पीक काढले की तो तुकडा कित्येक वर्षे पडीक ठेवायचा. पण सगळीकडे अशी फिरतीच शेती होती असे समजू नये. डोंगरउतारावर दगडी ताली घालून आणि पाणथळीत उंच वाफे काढूनही ते पिके घेत.

एवढे कष्ट एकट्याच्या हाताने होणारे नव्हते. दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १५६६ च्या सुमारास युकातान भागातल्या माया लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. याच पाद्र्याने १५६२ साली त्यांच्या पोथ्या जाळल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे आणि त्याचे लिहिणे जपूनच वाचावे. तो सांगतो की पेरणीच्या वेळी ज्यांच्या घरी माणूसबळ नसे ते वीस-वीसच्या टोळ्या करीत आणि प्रत्येकाच्या शेतातले काम पुरे होईपर्यंत थांबत नसत. बंधूंनो, याला आपण सावड म्हणतो. बायकाही सूत काढायला आणि विणायला अशाच एकमेकींकडे जमत, असे तो लिहितो.

राखेखाली झाकलेले गाव

राजांची शहरे दगडाची, म्हणून ती टिकली. शेतकऱ्याचे घर कुडाचे आणि गवताचे. ते मातीत मिळून जाते. मग शेतकऱ्याच्या घरातली मांडणी आपल्याला कळली कशी?

एल साल्वादोर देशात १९७६ साली धान्याची कोठारे बांधण्यासाठी बुलडोझरने जमीन सपाट करण्याचे काम चालू होते. राखेच्या थरांखाली एका जुन्या घराची जमीन दिसली. पुढे १९७८ पासून पेसन शीट्स या अमेरिकन संशोधकाने तिथे खोदकाम सुरू केले. माया मुलखाच्या दक्षिण कडेचे एक शेतकरी गावच तिथे निघाले. इ. स. ६०० च्या सुमारास जवळचा ज्वालामुखी फुटला आणि कित्येक मीटर जाडीच्या राखेने ते गाव जसेच्या तसे झाकून टाकले. होया दे सेरेन असे त्या ठिकाणाचे नाव. १९९३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खोदलेल्या भागात माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. तेव्हा लोक वेळीच पळाले असावेत. पण घर आवरायला सवड कोणालाच मिळाली नव्हती.

तिथे एकेका कुटुंबाची वेगवेगळी छपरे आहेत. निजा-बसायचे घर एक, स्वयंपाकघर दुसरे, आणि धान्याची कोठी तिसरी. भिंती कुडाच्या, मातीने लिंपलेल्या. कोठीत मडक्यांतून धान्य आणि बी भरून ठेवलेले. धारेची दगडी पाती मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून वर छपराच्या गवतात खोचलेली. दाराशी परसबाग. शेतात मक्याची ताटे मधून वाकवून ठेवलेली, म्हणजे कणीस खाली तोंड करून वाळते आणि पावसाचे पाणी आत जात नाही. गावात वाफारा घेण्याची एक घुमटीही आहे. आणि स्वयंपाकघरात चूल, तीन दगडांची. तिच्याजवळ दळायचा पाटा.

हा पाटा आपल्या पाट्यासारखाच, पण बराच लांब आणि उताराचा. वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा. माया मुलखात जिथे जिथे घराची जागा उकरली जाते तिथे तिथे असे पाटे निघतात. राजाचे नाव दगडावर कोरलेले असते. घरातल्या बाईचे नाव कुठे कोरलेले नाही, पण तिने झिजवलेला दगड मात्र आहे.

चुन्याचे पाणी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मक्याचा वाळलेला दाणा किती कठीण असतो हे आपल्याला ठाऊक आहे. माया घरातली बाई तो तसाच दळत नसे. चुनखडी किंवा शिंपले भाजून केलेला चुना ती पाण्यात कालवी, त्या पाण्यात मका उकळी, आणि रातभर तसाच भिजत ठेवी. सकाळी दाणे चोळून धुतले की वरचे साल सुटून येई. मग ते ओले दाणे पाट्यावर वाटायचे. त्या पिठाचे गोळे पानात गुंडाळून वाफवायचे, किंवा पीठ पाण्यात कालवून अंबिलीसारखे प्यायचे. शेतावर जाणारा पुरुष हा पिठाचा गोळाच बरोबर नेई आणि तिथे पाण्यात कालवून पिई. तो आंबला तरी नासत नसे.

ही चुन्याची रीत साल काढण्यापुरती नव्हती. मक्यात नायसीन नावाचे जीवनसत्त्व असते, पण ते अशा रीतीने बांधलेले असते की साध्या शिजवण्याने अंगी लागत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते, शिवाय हाडांना लागणारा चुनाही पोटात जातो. हे शास्त्र विसाव्या शतकात उलगडले. रीत मात्र त्या बायकांच्या हातात फार पूर्वीपासून होती, आणि ती आईकडून लेकीकडे जात होती.

हे वाटण रोजचे होते. एका कुटुंबापुरते पीठ वाटायला दिवसाचे कित्येक तास जात. पहाटे उठून पाट्यावर गुडघे टेकायचे, ते ऊन वर येईपर्यंत. शेतातला पुरुष वर्षातून काही महिने राबे. पाट्यावरच्या बाईला सुगी नव्हती आणि पाडवाही नव्हता.

तिचे काम तेवढ्यावर संपत नव्हते. कापूस पिंजून टकळीवर सूत काढायचे. मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचे, दुसरे पट्ट्याने आपल्या कमरेला अडकवायचे आणि अंगाच्या ताणावर कापड विणायचे. हे कापड घरात नेसायला, बाजारात विकायला आणि सरदाराचा कर भरायलाही लागे. टर्की जातीची मोठी कोंबडी पाळायची, परसात मिरची, पपई आणि औषधी पाला राखायचा. लांदा लिहितो की बाजारात जाऊन देवघेव करण्याचे कामही बायका करीत. पुरुषाकडे शेत, शिकार, घरबांधणी आणि सरदाराची बिगार. पोकळ ओंडक्यांत बिनकाट्याच्या मधमाश्या पाळण्याची कलाही या लोकांत जुनी आहे.

मुलगी तीन महिन्यांची, मुलगा चार महिन्यांचा

या वाटणीचा अर्थ ते लोक कसा लावीत हे एका संस्कारावरून कळते. युकातानच्या माया लोकांत हा संस्कार विसाव्या शतकातही अभ्यासकांनी पाहिलेला आहे. त्याचे नाव हेत्समेक. तान्ह्या मुलाला पहिल्यांदा कडेवर, कमरेवर बसवण्याचा हा समारंभ. मुलगी असेल तर तो तिसऱ्या महिन्यात करायचा, मुलगा असेल तर चौथ्या. का? तर चुलीला दगड तीन आणि शेताला कोपरे चार! मानलेले आई-बाप मुलाला कडेवर घेऊन फेऱ्या घालतात आणि पुढे ज्या हत्यारांनी ते काम करणार ती त्याच्या इवल्या हातात देतात. मुलाला कुऱ्हाड-कोयता, मुलीला सुई-दोरा.

आजच्या दृष्टीने पाहिले तर ही वाटणी तान्हेपणीच गळ्यात बांधलेली आहे, आणि ती आपण जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. मुलीने ट्रॅक्टर चालवावा आणि मुलाने भाकरी थापावी, यात वाईट काहीच नाही. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या संस्कारात चूल आणि शेत एकाच मापाने मोजले आहेत. एक मोठे आणि एक किरकोळ असे नाही.

त्यांच्या देवकथेतही हेच दिसते. ग्वातेमालातील किचे माया लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथात माणसाच्या जन्माची कथा आहे. देवांनी आधी मातीची माणसे केली, ती विरघळली. मग लाकडाची केली, त्यांना काळीज नव्हते. शेवटी पिवळा आणि पांढरा मका आणला. पण नुसत्या मक्याने माणूस झाला नाही. श्मुकाने नावाच्या आजीने तो नऊ वेळा दळला, तेव्हा त्या पिठातून पहिले चार पुरुष घडले. ही कथा रचणाऱ्यांना एवढे पक्के माहीत होते की कणसापासून माणसापर्यंतचा रस्ता आजीच्या पाट्यावरून जातो.

घरातली माणसे

एका अंगणाभोवती तीन-चार घरे, त्यांत आई-बाप, लग्न झालेली मुले, नातवंडे, अशी वस्ती असे. आपल्या वाड्यासारखीच. घरातले वडीलधारे गेले की पुष्कळदा त्यांना त्याच घराच्या जमिनीखाली पुरीत. त्यामुळे पूर्वज गावाबाहेर नसत, पायाखालीच असत, आणि ही जागा कोणाची हे सांगायला कागद लागत नसे.

लग्न जुळवायला मध्यस्थ असे. लग्नानंतर जावई पाच-सहा वर्षे सासऱ्याच्या घरी राहून त्याच्या शेतात राबे, असे लांदाने लिहिले आहे. कामचुकार निघाला तर त्याला घराबाहेर काढीत. मुलाच्या नावात बापाच्या घराण्याबरोबर आईच्या घराण्याचेही नाव येई. आपल्या महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव घालणे सक्तीचे केले, तेव्हा पुष्कळांना ते नवल वाटले. माया लोकांना वाटले नसते.

पण बहिणींनो, या घराला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तोच लांदा सांगतो की पुरुष आणि बायका एका पंगतीला जेवत नसत. पुरुषाला प्यायला दिले की तो पिऊन होईपर्यंत बाईने पाठ फिरवून उभे राहायचे. बापाच्या मालमत्तेत मुलींना भावांबरोबरीचा वाटा नव्हता. मिळाले तर ते भावांच्या मर्जीने. म्हणजे कष्ट निम्मे, कथेतला मान मोठा, आणि वाटणीच्या वेळी हात रिकामे. हे चित्र आपल्याला परके वाटत नाही, ते याचमुळे.

बी गेले, रीत राहिली

१४९२ नंतर स्पेनची गलबते अमेरिकेत जाऊ-येऊ लागली. परत जाताना त्यांनी मक्याचे बी नेले. भरघोस येणारे पीक. युरोपातल्या गरीब शेतकऱ्याने ते उचलून धरले. ज्यांनी बी नेले त्यांनी ते कसे पेरायचे ते पाहिले होते. पण ते चुलीवर कसे चढवायचे हे पाट्यावरच्या बाईला विचारून, शिकून, आपल्या मुलखात रुजवावे असे कोणाला वाटले नाही. चुन्याचे पाणी ही अडाणी बायकांची खटपट वाटली असेल. मका थेट गिरणीत गेला.

मग एक विचित्र आजार दिसू लागला. अंगावर उन्हाच्या जागी लाल-काळे चट्टे, कातडी खरखरीत, जुलाब, आणि शेवटी वेड. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले. इटलीत त्याला पेलाग्रा हे नाव पडले. त्याचा अर्थच खरखरीत कातडी. जिथे गरिबांच्या ताटात मक्याशिवाय दुसरे काही नव्हते तिथे हा आजार गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो माणसे मेली. लोक म्हणत साथ आहे, जंतू आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून पुढे दाखवून दिले की हा जंतूचा नव्हे, खाण्यातल्या उणिवेचा आजार आहे. १९३७ साली नायसीनने तो बरा होतो हे कळले. मक्याचे बी समुद्रापार गेल्याला तोवर चारशेहून अधिक वर्षे झाली होती.

आणि ज्या माया गावांत तीन दगडांच्या चुलीवर मका चुन्याच्या पाण्यात शिजत होता, तिथे मकाच मुख्य अन्न असूनही हा आजार असा पसरला नाही.

आपणही यापासून फार दूर नाही. दख्खनमध्ये ज्या गरीब घरांत ज्वारीशिवाय दुसरे फारसे पोटात जात नव्हते तिथे पेलाग्रा आढळला, आणि डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्यावर लिहिले. म्हणून भाकरीबरोबर वरण, उसळ, शेंगदाण्याची चटणी, जमेल तर दूध असावे. आजीने ठेवलेली ही जोडी निव्वळ चवीसाठी नव्हती. एक इशारा मात्र देतो: हा लेख वाचून घर रंगवायच्या चुन्यात कोणी मका शिजवू नये. तो चुना खाण्याचा नाही.

आपल्या घरासाठी

माया लोक नाहीसे झाले असे पुष्कळजण समजतात. ते खरे नाही. त्यांची मोठी शहरे नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडू लागली. दुष्काळ आणि लढाया ही त्याची मोठी कारणे मानतात. पण शेतकरी राहिला. ग्वातेमालात आणि मेक्सिकोत आजही लाखो लोक माया भाषा बोलतात, मका पेरतात, आणि तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात. राजे गेले, चूल आणि शेत टिकले.

आपण नवे वाण आणतो तेव्हा एकरी किती बी, खत किती, पाणी कधी, भाव काय, हे सगळे विचारतो. ते विचारलेच पाहिजे. पण पीक कोठीत आले म्हणजे अन्न झाले असे नाही. नाचणीला मोड का आणायचे, वाल का भिजवायचे, सुरणाला आणि अळूला चिंच का लावायची, पुढच्या वर्षाचे बी राखेत घोळून का ठेवायचे, हे ज्ञान अजून आपल्या घरांत आहे. ते बहुतेक वेळा बाईच्या हातात आहे, आणि तिला कोणी शेतकरी म्हणत नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, बैठकीत तिला बोलावणे नसते. ती गेली की तिच्याबरोबर ते ज्ञानही जाते, आणि त्याची किंमत कधी कधी पुढच्या पिढीने आपल्या अंगावर भरायची असते. पेलाग्राची कथा हीच आहे.

म्हणून एक काम सांगतो, पैशाचे नाही. या आठवड्यात संध्याकाळची जेवणे झाली की घरातल्या थोरल्या बाईजवळ बसा. आजी असो, आत्या असो, सासूबाई असोत. आपल्या रानात येणारे एकेक धान्य घ्या आणि विचारा: हे तुम्ही कसे साठवत होता, कसे शिजवत होता, काय टाळत होता आणि का? शाळेत जाणाऱ्या पोराला वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगा. वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव घाला. आणि पुढच्या हंगामात काय पेरायचे हे ठरवायला बसाल तेव्हा ती वही आणि ती बाई, दोघींनाही बैठकीत घ्या.